अमेरिकेत डीओ झालेल्या डॉक्टरला लायसन्स केव्हा आणि कसं मिळतं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. भाची मिशिगनमधल्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. तिथे डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही पदवी मिळते, एमडीसारखीच पूर्ण डॉक्टरची. मार्चच्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांच्या वाटपात, तिला न्यू जर्सीत फॅमिली मेडिसिनची जागा मिळाली. जुलैपासून रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. कॉमलेक्स (डीओंची लायसन्सची परीक्षा) लेव्हल १ आणि २ पहिल्याच खेपेला पास आहे, यूएसएमएलई (एमडींची तशीच परीक्षा) दिलेली नाही. रेसिडेन्सी संपल्यावर फिलाडेल्फियाच्या बाजूला किंवा टेक्सासला जायचा विचार आहे.

घरात प्रत्येक जण वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं मे महिन्यात पदवी हातात पडली की लायसन्स मिळतं, कुणी म्हणतं तीन वर्षं मिळत नाही. यूएसएमएलई नसेल तर अडेल असंही एकानं घाबरवून ठेवलंय. नेमकं काय, केव्हा आणि कोणत्या क्रमानं करायचं?

दुसरं म्हणजे तिचा दीर पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. बीपीटी झाल्यावर त्यानं ऑस्टिओपॅथीचा डिप्लोमा केला, पाटीवर नावापुढे डीओ लावतो. त्यालाही अमेरिकेत लायसन्स मिळेल का? आणि भाचीला सुट्टीत गावी आल्यावर शिबिरात रुग्ण तपासता येतील का?

हडसनपार:
आधी यूएसएमएलईची भीती काढून टाका. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डीओंना लायसन्ससाठी कॉमलेक्स चालते. यूएसएमएलई मागतात ते काही रेसिडेन्सी प्रोग्राम, निवडीच्या वेळी. तिची निवड झालेली आहे, विषय संपला.

आता क्रम. लायसन्स दोन प्रकारचं असतं आणि घरातला गोंधळ त्यातूनच झालाय. पहिलं प्रशिक्षणापुरतं: त्यावर फक्त आपल्या प्रोग्राममध्ये, देखरेखीखाली काम करता येतं. दुसरं पूर्ण, ज्यावर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. पदवी मिळाल्यावर लगेच मिळतं ते पहिलं. न्यू जर्सीत पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची 'रजिस्ट्रेशन' होते, दुसऱ्या वर्षापासून 'परमिट' लागतं. हे काम हॉस्पिटलच्या जीएमई (रेसिडेंटांचं प्रशिक्षण बघणाऱ्या) ऑफिसमार्फत होतं. एप्रिल-मेमध्ये त्यांची ईमेल येईल. उत्तर लगेच द्यायचं, कारण १ जुलैला कागद पूर्ण नसले तर वॉर्डात उभं राहू देत नाहीत आणि तेवढे दिवस प्रशिक्षणातून वजा होतात.

पूर्ण लायसन्सला चार गोष्टी लागतात: कोका या संस्थेनं मान्यता दिलेल्या कॉलेजची डीओ पदवी, कॉमलेक्सचे सगळे टप्पे, ठरावीक काळाचं, एसीजीएमई या रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं प्रशिक्षण आणि स्वच्छ पूर्वेतिहास. तिसऱ्या अटीत राज्याराज्यांत फरक पडतो. बऱ्याच राज्यांत डीओंना एक वर्ष पुरतं, इलिनॉयला २४ महिने लागतात. न्यू जर्सीचा नियम जरा वेगळा आहे: १ जुलै २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना दोन वर्षं पूर्ण आणि तिसऱ्या वर्षाचा सही झालेला करार दाखवावा लागतो. फॅमिली मेडिसिन तीन वर्षांचंच आहे, म्हणजे दुसरं वर्ष संपता संपता ती अर्जाला पात्र होते. 'तीन वर्षं मिळत नाही' म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत, पण पूर्ण बरोबरही नाहीत.

लेव्हल ३ विसरू नका. ती दोन दिवसांची परीक्षा. पदवी मिळाल्यावर, रेसिडेन्सीत असताना, प्रोग्राम डायरेक्टरनं 'चांगल्या स्थितीत आहे' असं कळवल्यावरच देता येते. पास व्हायला ३५० गुण; लेव्हल २ ला ४०० लागतात. लेव्हल १ चा निकाल मे २०२२ पासून नुसता पास-नापास असा येतो. फॅमिली मेडिसिनवाल्यांनी पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ती उरकावी. तेव्हा बालरोग, प्रसूती, इमर्जन्सी सगळं हाताखालून नुकतंच गेलेलं असतं. पुढे ढकलली की दुसऱ्या वर्षाच्या रात्रपाळ्यांत अभ्यास होत नाही, निकाल उशिरा येतो आणि लायसन्सचा अर्ज तिथेच लटकतो.

पूर्वी लेव्हल २ चा एक प्रात्यक्षिक भागही होता, खोटे रुग्ण तपासायचे. करोनात तो थांबला आणि २०२२ मध्ये कायमचा बंद झाला. त्या जागी कॉलेजचे डीन विद्यार्थ्याच्या कौशल्यांबद्दल लेखी देतात. जुन्या वेबसाइटवर तो भाग 'आवश्यक' असं अजून दिसतं. दचकू नका.

संगमेश्वरी:
वर हडसनपार यांनी क्रम नीट सांगितलाय. एक धोका मात्र राहिला. कुणी तरी 'लेव्हल ३ पेक्षा यूएसएमएलईची स्टेप ३ देऊन टाक, सगळीकडे चालते' असा सल्ला देईल. ऐकू नका. लेव्हल १ आणि २ कॉमलेक्सच्या आणि शेवटची यूएसएमएलईची, अशी मिसळ राज्यांची लायसन्स देणारी बरीच बोर्डं मान्य करत नाहीत. ज्या मालिकेनं सुरुवात केली तीच पूर्ण करायची.

दुसरं, प्रयत्नांची संख्या. जुलै २०२२ पासून कॉमलेक्स घेणारी संस्था एनबीओएमई प्रत्येक लेव्हलला एकूण चारच प्रयत्न देते. पण राज्यं त्याहून कडक असू शकतात. टेक्सासला तीन प्रयत्न आणि सगळे टप्पे सात वर्षांत, शिवाय त्यांची स्वतःची ज्युरिस्प्रुडन्स परीक्षा: टेक्सासचे वैद्यकीय कायदे, ७५ गुणांना पास. भाचीच्या बाबतीत पहिल्या खेपेचे निकाल आहेत म्हणजे काळजी नाही. पण लेव्हल ३ ला 'बघू, एकदा देऊन टाकू' असं म्हणून बसू नये, तो प्रयत्न आयुष्यभर रेकॉर्डवर राहतो.

फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनियात येतं आणि तिथे डीओंचं बोर्ड वेगळं आहे, स्टेट बोर्ड ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. एमडींच्या बोर्डाच्या पानावरचा फॉर्म भरला तर तो परत येणार. मिशिगन, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया इथेही तसंच. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये मात्र एमडी-डीओ दोघांना एकच बोर्ड. पेनसिल्व्हेनियाला बालअत्याचार ओळखण्याचं तीन तासांचं प्रशिक्षणही लागतं, ते ऑनलाइन होतं. मिशिगनला परत गेलीच तर मानवी तस्करी आणि नकळत पूर्वग्रह या दोन विषयांची प्रशिक्षणं. किरकोळ वाटतात, पण तेवढ्यासाठीच अर्ज 'अपूर्ण' म्हणून पडून राहतो.

बाय द वे, कॅलिफोर्नियाच्या वेगळ्या बोर्डामागे जुना इतिहास आहे. १९६२ मध्ये तिथल्या डीओंना ६५ डॉलर भरून एमडी करून घेतलं होतं आणि नवे डीओ घ्यायचेच नाहीत असं ठरलं होतं. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते दार पुन्हा उघडलं.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. एफसीव्हीएस म्हणून काही असतं का? आणि एकच लायसन्स अनेक राज्यांत चालतं असं काही कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्याराज्यांतला करार, आहे म्हणे? लग्नानंतर तिचं नावही बदललंय, त्यानं अडतं का?

कागदपत्री:
नाव हाच मोठा प्रश्न आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. आपल्याकडच्या पासपोर्टात 'गिव्हन नेम' च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं: मधुरा संजय. आडनाव वेगळं. सोशल सिक्युरिटीनं ते जसंच्या तसं उचललेलं असतं. कॉलेजनं 'संजय' ला मिडल नेम केलेलं असतं, एनबीओएमईकडे नुसतं 'एस' असतं. लग्नानंतर मधल्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. झाली चार कागदांवर चार माणसं! बोर्डाचा कारकून ही आपली पद्धत ओळखत नाही. त्याला एकच माणूस दिसायला हवा.

उपाय सोपा, फक्त वेळेत करायचा. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जे नाव ठेवायचं ते आज ठरवा. तेच नाव कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे, एनबीओएमईकडे आणि हॉस्पिटलच्या एचआरकडे, पदवीदानाच्या आधी. डिप्लोमा छापून झाला की बदलायला वेळ आणि पैसे दोन्ही जातात. विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा. ग्रामपंचायतीचा जुना दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत. अर्जात 'पूर्वी वापरलेली नावं' असा रकाना असतो, तिथे प्रत्येक रूप लिहायचं, आद्याक्षरवालंसुद्धा.

एफसीव्हीएस म्हणजे राज्यांच्या बोर्डांच्या महासंघाची, एफएसएमबीची, कागद तपासून कायम जपून ठेवणारी सेवा. पदवी, परीक्षेचे निकाल, प्रशिक्षण हे एकदा मूळ संस्थेकडून मागवतात, मग पुढच्या प्रत्येक राज्याला तीच फाइल जाते. फी काही शे डॉलर आहे. पण दोन-तीन राज्यांचा विचार असेल तर मी म्हणेन घ्याच. आजचा प्रोग्राम उद्या बंद पडला, हॉस्पिटल विकलं गेलं तर दहा वर्षांनी प्रशिक्षणाचा दाखला कुठून आणणार? काही राज्यं ती सेवा सक्तीचीच करतात.

इथे लोक कुठे अडकतात ते ऐका. 'मी ट्रान्सक्रिप्ट अपलोड केलंय' हे बोर्डाच्या लेखी काहीच नाही. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट, कॉमलेक्सचा निकाल एनबीओएमईकडून थेट, प्रशिक्षणाचा फॉर्म प्रोग्राम डायरेक्टरच्या सहीनं थेट. ट्रान्सक्रिप्टवर पदवी मिळाल्याची तारीख छापलेली हवी. मे महिन्यात घाईनं मागवलेल्या प्रतीवर ती नसते आणि मग पुन्हा मागवा.

बोटांचे ठसे हे दुसरं दुखणं. दिवसभर हात धुऊन-धुऊन डॉक्टरांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि एफबीआय ठसे 'अस्पष्ट' म्हणून परत पाठवते. दोनदा परत आले तर नावावरून तपासणी होते, पण त्यात आठवडे जातात. ठसे देण्याआधी दोन-तीन दिवस रोज हातांना क्रीम चोपडा, देण्याच्या दिवशी मात्र हात कोरडे. शक्य असेल तर त्याच राज्यात जाऊन इलेक्ट्रॉनिक ठसे द्या. दुसऱ्या राज्यातून शाईचं कार्ड पोस्टानं पाठवलं की वेळ दुप्पट.

शेवटी प्रश्नावली. कॉलेजात कधी प्रोबेशनवर होता का, रजा घेऊन वर्ष लांबलं का, कधी अटक झाली का, अगदी नंतर रद्द झालेली केस असली तरी. खरं उत्तर आणि सोबत चार ओळींचा खुलासा. तरुणपणीच्या एका चुकीनं लायसन्स सहसा जात नाही, पण लपवलेलं सापडलं तर तो खोटेपणाचा वेगळा गुन्हा होतो आणि तो प्रत्येक राज्याला कळतो. पदवीपासून आजपर्यंतच्या सगळ्या तारखा सलग लागल्या पाहिजेत. दोन महिने गावी आला असाल तर तेही लिहा.

हडसनपार:
कॉम्पॅक्टबद्दल. 'एकच लायसन्स अनेक राज्यांत' हे बरोबर नाही. इंटरस्टेट मेडिकल लायसन्शर कॉम्पॅक्ट २०१७ पासून चालू आहे, पण त्यातून प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्सच मिळतं, फक्त लवकर. कॉम्पॅक्टची फी ७०० डॉलर आणि वर प्रत्येक राज्याची स्वतःची फी. अटी: पूर्ण लायसन्स हातात असलेलं एक 'मूळ राज्य', रेसिडेन्सी पूर्ण, स्पेशालिटी बोर्डाचं (आपल्या विषयाची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट, परीक्षेचा प्रत्येक भाग तीन प्रयत्नांत पास, गुन्हा किंवा शिस्तभंग नाही. म्हणजे रेसिडेंट असताना याचा उपयोग नाही.

मूळ राज्य आपल्याला हवं ते धरता येत नाही. तिथे मुख्य घर असावं, किंवा किमान २५ टक्के काम तिथे व्हावं, किंवा नोकरी देणारी संस्था तिथली असावी, किंवा केंद्राच्या कर परताव्यात ते राज्य दाखवलेलं असावं. शिवाय काही राज्यं बाहेरून आलेले अर्ज घेतात, पण स्वतः 'मूळ राज्य' म्हणून पत्र देत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉम्पॅक्टच्या नकाशावर त्या वेळची स्थिती बघा. फॅमिली मेडिसिनचं सर्टिफिकेट डीओंना दोनपैकी कुठल्याही बोर्डाकडून घेता येतं, एबीएफएम किंवा एओबीएफपी. कॉम्पॅक्टला दोन्ही चालतात.

लायसन्स आलं म्हणजे नियंत्रित औषधं (अफूजन्य वेदनाशामकं वगैरे) लिहिता येतात असं नाही. न्यू जर्सीत लायसन्सनंतर त्यासाठी राज्याची सीडीएस नोंदणी, तिच्यानंतरच डीईए या केंद्राच्या अंमली पदार्थ खात्याची. उलट क्रमानं अर्ज घातला की डीईएवाले थांबवून ठेवतात. डीईएची फी तीन वर्षांना ८८८ डॉलर. जून २०२३ पासून व्यसनाधीनतेच्या उपचारांचं आठ तासांचं प्रशिक्षण एकदा दाखवावं लागतं. पण अमेरिकन कॉलेजातून पाच वर्षांच्या आत पदवी घेतली असेल आणि अभ्यासक्रमात ते आठ तास असतील तर वेगळं करायला नको. कॉलेजकडून तसं पत्र आत्ताच मागून घ्या, नंतर कुणी देत नाही. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात राज्याची वेगळी सीडीएस लागत नाही. डीईए मात्र त्या राज्याच्या पत्त्यावर करून घ्यावी लागते. एनपीआय हा डॉक्टरचा दहा आकडी ओळख नंबर फुकट मिळतो, तो रेसिडेन्सीच्या सुरुवातीलाच काढतात.

रेसिडेन्सीत असताना बाहेर जादा पाळ्या करून पैसे मिळवायचे असतील तर बहुतेक ठिकाणी पूर्ण लायसन्स आणि स्वतःची डीईए लागते, हॉस्पिटलच्या नंबरावर बाहेर चिठ्ठी लिहिता येत नाही. आणि हॉस्पिटलचा विमा बाहेरच्या कामाला लागू नसतो. न्यू जर्सीत प्रॅक्टिसला दर प्रसंगी १० लाख आणि वर्षाला ३० लाख डॉलरचं विमासंरक्षण कायद्यानंच लागतं.

वेळेचं गणित उलट बाजूनं मांडा. नोकरी ऑगस्टमध्ये सुरू व्हायची तर विमा कंपन्यांच्या यादीत नाव लागायला तीन-चार महिने, ते लायसन्सशिवाय सुरू होत नाही, आणि लायसन्सला दोन-चार महिने धरा. म्हणजे रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या आसपास अर्ज गेलेला असावा.

मणका_मोकळा:
दिराच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर: नाही. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो, शस्त्रक्रिया करतो, सगळी औषधं लिहितो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं तेव्हा हातांनी उपचार हा गाभा होता. आज तो चार वर्षांच्या पूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रमाचा एक भाग आहे, साधारण २०० तास. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी 'ऑस्टिओपॅथ' म्हणजे हातांनी उपचार करणारा तज्ज्ञ, डॉक्टर नव्हे. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानं तो शब्द संरक्षित आहे आणि जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंद लागते. त्या डीओच्या जोरावर अमेरिकेचं लायसन्स मिळत नाही, मग ती पदवी ब्रिटनची असो की शनिवार-रविवारच्या वर्गाची. उलट अमेरिकेत लायसन्सशिवाय नावापुढे डीओ लावलं तर विनापरवाना वैद्यकीय व्यवसायाचा खटला होऊ शकतो. लिंक्डइनवरून आत्ताच काढायला सांगा.

त्याचा खरा रस्ता फिजिओथेरपिस्टचा आहे. बीपीटीचं मूल्यांकन एफसीसीपीटीसारख्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून, इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई ही फिजिओथेरपीची परीक्षा आणि राज्याचं पीटी लायसन्स. मूल्यांकनात बीपीटीचे विषय कमी पडतात, तेवढे क्रेडिट भरून काढावे लागतात. त्यासाठी विद्यापीठाचा सविस्तर अभ्यासक्रम, त्याच्या बॅचच्या वर्षाचा, शिक्क्यासह लागतो. तो मिळवणं हेच निम्मं काम. डिप्लोमात शिकलेली तंत्रं मग पीटी म्हणून, त्या राज्याच्या कक्षेत, वापरता येतात.

एमबीबीएसवाल्यांचाही गैरसमज असतो म्हणून लिहितो. एमबीबीएसवरून डीओत 'रूपांतर' नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. त्यांना ती गरजही नाही. ईसीएफएमजी (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था) आणि यूएसएमएलईनं ते एमडींच्या वाटेनं जातात.

संगमेश्वरी:
गावच्या शिबिराचं राहिलं. अमेरिकेचं लायसन्स भारतात आपोआप चालत नाही, डीओ असो की एमडी. इथे रुग्ण तपासायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंद हवी. कायम नोंदणीसाठी परदेशी पदवीचे नोव्हेंबर २०२१ चे नियम बघा: किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. अमेरिकेचा चार वर्षांचा कोर्स त्या चौकटीत बसत नाही, त्यामुळे तिनं त्या नादाला आत्ता लागू नये.

सेवाभावी कामासाठी परदेशी डॉक्टरला ठरावीक मुदतीची, ठरावीक संस्थेपुरती तात्पुरती परवानगी नॅशनल मेडिकल कमिशनकडून मिळू शकते. अर्ज शिबिर भरवणाऱ्या संस्थेमार्फत आणि बऱ्यापैकी आधी घालायचा. सोबत अमेरिकेच्या बोर्डाकडून 'गुड स्टँडिंग' चा दाखला लागतो, म्हणजे पूर्ण लायसन्स आल्याशिवाय हा विषयही पुढे सरकत नाही. तोवर शिबिरात रक्तदाबाच्या टेबलावर मदत, नोंदी, आरोग्याचं बोलणं एवढं करता येईल. चिठ्ठीवर सही मात्र इथल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच.